दोरा दिसतोय

रात्री साडेअकराला मंगळावरून तबकडी निघते,
परातीवर परात पालथी घालून केलेली,
आणि माझ्या फोनवर आडमुठे टाईप करायला लागतात.
आलगोंडा आडमुठे, रिटायर्ड फोरमन, माधवनगर.
आडनावाला इतका जागणारा माणूस
पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं काढूनही
मी पाहिला नव्हता.

आजचा विषय अलमट्टी.
काल डॉलर होता, परवा मतदारयाद्या.
ते म्हणतात, तिकडं पाणी अडवतात म्हणून सांगली बुडते.
मी म्हणते, आकडा द्या.
ते तेच पुन्हा म्हणतात, ठळक अक्षरांत.
मी लिहिते, क्युसेक म्हणजे काय ते आधी सांगा,
मग पुढचं.
तिकडे तबकडी उतरते. शिडी खाली येते.
म्हणजे आधी अडकते, मग येते.

हे पिक्चर मला का आवडतात
ते कुणाला सांगून पटलेलं नाही.
सून विचारते, आई, यात खरं काय वाटतं तुम्हाला?
काहीच नाही गं.
यंत्रमानवाच्या आतला माणूस घामाघूम झालाय
हे त्याच्या चालण्यावरून कळतं.
कुणी टेकलं की रॉकेटची भिंत हलते.
शास्त्रज्ञाची मुलगी स्वतः डॉक्टरेट,
तरी कॉफी तीच आणते.
हे मात्र खरं वाटतं. आमच्याकडे
पूररेषेचे नकाशे मी काढायचे
आणि चहा कोण सांगणार म्हटलं की
सगळी टेबलं माझ्याकडेच बघायची.

यातलं भविष्य एकोणीसशे सत्त्याण्णवचं आहे.
तोवर चंद्रावर वस्ती, गोळीत जेवण.
सत्त्याण्णव साली मी विश्रामबागच्या चौकात
स्कूटीवरून घसरले होते
आणि घरी फोन यायची वाट बघत होते.
आता ते भविष्य माझ्या मागे पडलंय,
काळंपांढरं, अजून चकचकीत.

पण मी जागते ते शेवटासाठी.
सगळ्या देशांची माणसं एका टेबलाभोवती बसतात,
म्हातारा शास्त्रज्ञ फळ्यावर एक आकडा लिहितो
आणि सगळे गप्प होतात.
आकडा बघून गप्प!
एवढी अचाट कल्पना तबकडीतसुद्धा नाही.

बारा दहा. आडमुठे लिहितात,
तुम्ही खात्यातल्या, खात्याचीच तळी उचलणार.
मी तीन ओळी लिहिते, खोडते.
एकोणीस साली गावभागात
माझ्या शेगडीवरून पाणी गेलं होतं,
ते कुणाच्या बाजूचं होतं ते त्यानं सांगितलं नाही.
हेही लिहिते. खोडते.
आणि रागाच्या भरात बोट भलतीकडे पडून
टीव्हीचा फोटो जातो.
दोन पराती, अलमट्टीच्या बरोब्बर मध्ये.

बराच वेळ काही नाही.
टाईप करतायत. थांबले. परत करतायत.
मग येतं:
डावीकडं बघा बाई. दोरा दिसतोय.

मी चष्मा पुसते.
दिसतोय की.
तीस वर्षं बघतेय, कधी दिसला नव्हता.
फोरमनला दिसतो, ते लिहितात,
वजन कशावर टांगलंय ते आधी बघायची सवय.
मिरजेला तंबूत चारदा बघितला हा, पंचाहत्तर पैशात.
कुठं लागलाय? थांबा, लावतो.

मग दोघंही बघत बसलो, आपापल्या घरात.
एकाच वेळी म्हणता येणार नाही,
त्यांचं अठरा सेकंद मागे होतं.
मी हसायचे, आणि जरा वेळानं त्यांचं हसू उमटायचं.
मुलगी कॉफी घेऊन आली तेव्हा त्यांनी विचारलं,
ही डॉक्टर ना?
मी म्हटलं, हो.
यावर त्यांना बोलायला काही सुचलं नसावं.
टेबलाभोवती देश बसले. खडू चालला.

एक वाजता त्यांनी आयर्विन पुलाची पातळी टाकली:
सदतीस फूट सहा इंच.
मी काही बोलले नाही. तेही नाहीत.
पडद्यावर नुसती खरखर, आणि ती बंद करायला
मी उठले नाही.

उद्या बोलणार आहे.
साडेसदतीस फुटाला अलमट्टी मध्ये आणायचं कारण नाही,
हे त्या माणसाला कळलंच पाहिजे.