चार सेकंद

फोंड्याला, तिस्कावर, उदबत्तीच्या दुकानावरच्या खोलीत
मी तो एकदाच लिहिला.
दोन बाजूंना दोन बाण, खाली ठिपक्यांची ओळ,
एक चित्र डावीकडे सरकतं, उजवीकडून दुसरं येतं.
प्रत्येकाला चार सेकंद.
बोटाने ढकललं तर बोटाचं ऐकतो,
कुणी वाचायला थांबलं तर थांबतो.
इतकंच येतं त्याला.

मग तोच सगळीकडे.
मोरजीच्या हॉटेलाला: पाच चित्रं, पाचांत तोच तलाव.
कुडचड्याच्या दंतवैद्याला: आधीचे दात, नंतरचे दात.
बांदोड्याच्या काजूवाल्याला: साधे, खारवलेले, मिरी लावलेले.
बाणावलीचा इनास शवपेट्या करतो.
सागवानी, फणसाची, पितळी कड्यांची,
आणि शेवटी एक पांढरी, लहान.
तिलाही चार सेकंद.

लोक विचारतात, हा संपत कसा नाही?
सांगते.
शेवटच्या चित्रामागे पहिल्याची नक्कल चिकटवलेली असते.
नक्कल पूर्ण समोर आली
की मी अख्खी रांग एका झटक्यात मागे ओढते,
खऱ्या पहिल्यावर.
डोळ्याला कळत नाही.
गोल असं काही नसतंच तिथे,
एक सरळ पट्टी असते आणि एक लबाडी.

ऑरेलिना दिवाडीहून आली, फेरीबोटीने.
दोन खोल्या भाड्याने द्यायच्या होत्या तिला.
सात फोटो, मुलीच्या जुन्या प्रगतिपुस्तकात घालून आणलेले:
बाल्कांव, पलंग, न्हाणीच्या नव्या फरश्या, विहीर.
पाचव्यात खिडकी,
आणि खिडकीसमोर शिडीवर एक पाठमोरा माणूस,
हातात ब्रश, शिडीला टांगलेला निळा डबा.

म्हटलं, माणूस मध्ये येतोय, खिडकी दिसत नाही. कापू?
‘कांप नाका,’ ती म्हणाली.
‘हो मातसो चड वेळ रावूं दी.’
किती वेळ?
तिने पंख्याकडे बघितलं.
‘जनेल रंगोवन सोंपसर.’

सगळ्यांना एकच आकडा, असंच लिहिलं होतं मी.
तिच्यापुरती वेगळी प्रत काढता आली असती.
पण मग प्रतीची प्रत, आणि एकीतली चूक सुधारली
की दुसरीत ती तशीच.
ते मी दुसऱ्यांच्या कामांत पाहिलंय, निस्तरलंय.
म्हणून मुळातच एक शब्द घातला: थांबा.
दिला तर तेवढं, नाही दिला तर चार.
ऑरेलिनाच्या पाचव्याला दिले नऊ.

नऊ सेकंद म्हणजे किती, ते रात्री तपासताना कळलं.
खालचं दुकान बंद झालेलं, तरी चंदनाचा वास जिन्यात.
पलंग गेला, फरश्या गेल्या, विहीर गेली,
आणि हा आला तो जाईचना.
ब्रश तिथेच. डबा तिथेच.
सहाव्या सेकंदाला मला वाटलं, आता मागे वळेल.

ज्यांना दिसत नाही
त्यांच्यासाठी प्रत्येक चित्राला एक ओळ लिहावी लागते.
मी लिहिली होती, ‘अंगणाकडची खिडकी’.
ऑरेलिनाने फोनवर ती बदलून सांगितली:
‘कायतान जनेल रंगयता. अजून जावंक ना.’
तशीच ठेवली.

मूळ बदललं की सगळीकडे बदलतं.
तलावाच्या हॉटेलात, दातांत, काजूंत
तो शब्द आता रिकामा पडून आहे,
कुणाला त्याची गरज नाही, कुणाला तो माहीतही नाही.

गणपतीनंतर इनासचा फोन आला.
पितळी कड्यांचे दर बदल, म्हणाला. बदलले.
मग थोडा वेळ त्याच्या बाजूने नुसती करवत.
‘ती ल्हान पेटी,’ तो म्हणाला,
‘ती मात्शी बेगीन वचूं दी.’

त्या शब्दापुढे मी एक लिहिला.
मग खोडून अर्धा.

खालचा ठिपका मात्र राहतो,
इतरांएवढाच.