वजनकाट्यावरची दुलमा

उणे अठ्ठावीसला बॉलपेनातली शाई गोठते,
म्हणून काट्यावर आम्ही पेन्सिलीनं लिहायचो.

अकरा हिवाळे बसले मी गोबीतल्या त्या पत्र्याच्या खोलीत.
खिडकीपुढून ट्रक जायचे सरहद्दीकडे,
उंटांच्या तांड्यासारखे, पण उंटांना निदान वास असतो, नावं असतात.
मी लिहायचे: भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन,
वजाबाकी.
वजाबाकी माझी.
बाकी कुणाची, ते विचारायचं नव्हतं.

पेन्सिलीचं एक बरं असतं, खोडता येतं.
महिनाअखेरीला शहरातून साहेब यायचे, मऊ हातमोज्यांचे.
वही नेऊन परत आणायचे
आणि माझ्या नोमिनदारीसाठी द्यायचे एक खोडरबर,
स्ट्रॉबेरीच्या वासाचं.
मी नको म्हणाले नाही.
हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं
मापात पाप होईल.

आज त्या नोमिनदारीनंच मला चौकात आणलंय.
तिचा पोरगा रात्रभर खोकतो.
टेकडीवरच्या आमच्या वस्तीत प्रत्येक गेरच्या नळकांड्यातून
धूर उतरतो, चढत नाही.
देश कोळशावर श्रीमंत झाला म्हणे.
आमच्या वाट्याला धूर तेवढा आला, चोख, पूर्ण मापाचा.

चौकात हजारो माणसं जागच्या जागी उड्या मारतायत.
पाहणाऱ्याला वाटेल, नाचतायत.
पाय गोठू नयेत म्हणून चाललंय हे.
हळूहळू सगळ्यांचे बूट एकदम पडायला लागतात
आणि सरकारी इमारतीच्या काचा बारीक थरथरतात.
तेवढंच. कुणी काच फोडत नाही.
मघाशी एकानं बर्फाचा खडा उचलला होता,
तर शेजारच्या यांजमाबाईंनी त्याचं मनगट धरलं,
"ठेव बाळा. ते याचीच वाट बघतायत,"
आणि त्याच हातात खारट चहाचा पेला दिला.

पोलिसांच्या रांगेत बद्राखचा धाकटा आहे.
मिसरुडावर दव गोठलंय.
त्यालाही पेला पुढे केला. त्यानं समोर बघत राहायचं ठरवलं.
अधिकारी वळल्यावर घेतला,
दोन घोटांत संपवला, जीभ भाजली असणार.

मला सवय, काय करू,
मी चौक मोजायला लागले.
माणशी सत्तर किलो, त्यात जाड डेल, बूट, टोप्या,
खांद्यावरची लेकरं वेगळी.
एवढा भार काट्यावर चढला तर काटा कुठे जाईल?
मग आठवलं, रिकाम्या गाडीचं वजन वजा करायचं असतं.
भीती वजा. उद्याची पाळी वजा. घरी विझत आलेली चूल वजा.
उरतं ते किती?
मला नाही काढता आलं.
पहिल्यांदाच मला वजाबाकी आली नाही.

"नोमिन," मी म्हणाले, "मी खोडलं नाही.
पण खोडू दिलं."
कोळसा उगाळावा तितका काळाच,
हे मला ठाऊक होतं, तरी उगाळला, सगळा, तिच्यासमोर.
खोडरबरासकट.

ती काही बोलली नाही.
उड्या मारायची मात्र थांबली, आणि त्या थंडीत थांबणं सोपं नसतं.
पलीकडे एक मुलगी सह्या गोळा करत होती,
चौकशी व्हावी, नोंदी उघड व्हाव्यात, असं काहीसं.
तिच्याकडची पेनं गोठली होती सगळी.

नोमिननं डेलच्या आत, काखेत हात घातला.
सकाळपासून तिथे एक बॉलपेन ऊब देऊन ठेवलेलं.
माझ्या हातात दिलं. अजून कोमट होतं,
नुकत्या घातलेल्या अंड्यासारखं.

"गाड्यांचे नंबर आठवतात?"
"काही."
"लिही."

कागद यांजमाबाईंच्या पाठीवर टेकवला.
त्या उड्या मारत होत्या, अक्षर हलत होतं.
पहिला आकडा उमटला तेव्हा निळा दिसला,
आणि मी सवयीनं, मूर्खासारखी,
त्यावर बोट घासून पाहिलं.