त्र्याऐंशीची वही

माळ्यावर सापडली अप्पांची उधारीची वही.
वर सही : भरमू पेंटर, खडेबाजार.

कप जिंकला त्या रात्री
गणपत गल्लीच्या भिंतीवर फुकट लिहिला स्कोअर,
खडू संपल्यावर चुन्यानं.

टॉकीजचा बोर्ड, नायिका बारा फुटी.
तीळ चुकून डाव्या गालावर पडला.
आठवडाभर कट्ट्यावर तेवढीच बातमी,
गिरणीच्या संपाचं कुणी विचारलं नाही.

दुकानांच्या पाट्या सात. कन्नड वर, मराठी खाली.
त्यातल्या पाच पुसून पुन्हा : मराठी वर.
पैसे दोन्ही वेळचे बाकी.

डिसेंबरच्या पानावर
नुसता डांबराचा अंगठा.

हा कुणाचा ओ, मी विचारलं.
अप्पा बशी फुंकत राहिले.
मग म्हणाले,
तीळ मात्र डावीकडंच बरा दिसत हुता बघ.