बावसकर

दुपारी दोनला घंटा होते
आणि पटाश्या मोजतात.
वाहिद, इथनेन, थलाथा...
बावीस गेल्या, बावीस परत आल्या पाहिजेत.
माणसांची मोजणी त्यानंतर.

रास अल खैमाच्या या तुरुंगात
शिवण शिकवतात, संगणक शिकवतात.
मी सुतारकामावर खूण केली,
कारण त्या शेडला कूलर होता.
खोटं कशाला बोलू?
'पूर्वीचा अनुभव' या रकान्यात मात्र
खोटं लिहिलं : नाही.

दाभोळच्या खाडीवर बाबा मचवे बांधायचे.
सोळाव्या वर्षी हातात रंधा दिला
तेव्हा म्हणालो, मला टेबलाचं काम हवं.
मिळालं की.
टेबल मिळालं, फिरती खुर्ची मिळाली,
चेकबुक मिळालं.
त्यातले तीन चेक बँकेतून परत आले
आणि मी इथे.

उस्ताद रम्झी दुमियातचा,
डाव्या हाताला साडेतीन बोटं.
फळीवरून हात फिरवतो
बाजारात बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा,
आणि नापसंत पडली तर काही बोलत नाही,
नुसती भिंतीला उभी करून ठेवतो.
आम्ही हातभर लांबीच्या होड्या करतो.
मॉलमध्ये मांडतात म्हणे, वर्षातून एकदा.

संध्याकाळी व्हॉलीबॉल.
एकदा चेंडू भिंतीपलीकडे गेला.
सगळे गप्प उभे.
मग पलीकडून कोणीतरी तो परत फेकला.
कोण, ते दिसणं शक्य नव्हतं.
आम्ही भिंतीकडे बघून टाळ्या वाजवल्या,
पठाण, नेपाळी, मलबारी,
बराच वेळ.

मग तो मंगळवार.
एकवीस.
पुन्हा मोजल्या. एकवीसच.
उन्हात भिंतीकडे तोंड करून तासभर.
आधी जान मोहम्मदचे कपडे उतरवले,
कारण तो सुरीच्या गुन्ह्यातला.
त्याची पाठ मला दिसत होती,
घामाचा एक ओघळ मणक्यावरून सरळ खाली,
तेव्हा मला आठवलं.

पटाशी माझ्या होडीच्या पोटात होती.
बरगडी चिकटेपर्यंत आधाराला
मी ती आत आडवी ठेवली होती,
न ठरवता.
बाबा ठेवायचे तशी.

सांगितलं.
हवालदाराने होडी उचलली, आत बघितलं,
पटाशी लगेच काढली नाही.
ही युक्ती कोणी शिकवली, म्हणाला.
मी उस्तादांकडे बोट दाखवणार होतो.
तोंडातून निघालं, अबूय.
माझ्या बापाने.

जान मोहम्मद दोन दिवस बोलला नाही.
तिसऱ्या दिवशी न मागता
पॉलिशपेपरचा तुकडा माझ्यापुढे सरकवला.
माफी नव्हे ती.
पण पेपर नवा होता.

होडी विकली गेली.
कोणाच्या कपाटावर आहे, ठाऊक नाही.
मला प्रमाणपत्र मिळालं, सोनेरी काठाचं.
अरबीत 'प' नाही,
म्हणून दिलावर हुसैनमियाँ बावसकर.
घरी पाठवलं.

फोनवर शमीम म्हणाली,
मुलीने वाचून दाखवलं हो,
पण हा बावसकर कोण?

आहे एक सुतार, म्हटलं.
बोटं शाबूत आहेत अजून.