नऊ होल, शनिवार

माळ्यावरून बॅग ओढली तेव्हा
तिच्याबरोबर खाली आला
मागच्या दिवाळीचा चेपलेला आकाशकंदील
आणि एक पाल.
पटर मात्र नव्हता.
तो सापडला मागच्या अंगणात, चिंचेखाली,
चार वर्षं आकडे पाडून पाडून
मान किंचित वाकलेली.
"मला काय माहीत," कुमुद म्हणाली,
"तूच म्हणालास, संपला आता खेळ."

म्हणालो होतो खरा.
तेव्हा खांदा गोठला होता,
शर्टाची बाही चढवायलाही
दुसऱ्याचा हात लागायचा.
अशा दिवसांत माणूस फार मोठं बोलतो.

भगूरच्या बाजूला वळलो
तर शेतांवर धूर अजून बसलेलाच,
निफाडला म्हणे पारा पाचावर.
पहिल्या टीपाशी केकी:
अठ्ठ्याहत्तर वर्षं, माकडटोपी,
थर्मासात पुदिना-गवती चहा.
"आला के तू? मी तर तुज्या नावनी
दोन मिनिट शांतता पन पाळून टाकली."
आणि ठकाजी गांगुर्डे, आमचा कॅडी,
त्यानं पटर उचलला, एक डोळा मिटला,
काठीसारखा जमिनीवर टेकवला.
"चालंल सायेब. मान वाकडी हाये,
पर बघतंय सरळ."

पहिला फटका
चेंडू सोडून सगळ्यांना लागला:
धुक्याला, दवाला,
माझ्या अब्रूला.
पलीकडून टिटवी ओरडली.
दुसरा चाळीस पावलं घरंगळला
आणि थांबला, जणू त्याला काही आठवलं.
तिसरा…

तिसऱ्याचा आवाज सांगता येत नाही.
सुपारी फुटते ना अडकित्त्यात, एका दाबात,
तसा.
हाताला काही कळलंच नाही,
मान वर केली तेव्हा चेंडू
पांडवलेणीच्या डोंगराच्या रेघेवरून
निवांत खाली उतरत होता.
"खांदा हाये की," ठकाजी म्हणाला,
बॅग उचलून चालायला लागला.

एकतीस वर्षं मी नोटांच्या प्रेसमध्ये
कोऱ्या कागदावरचा चुकलेला ठिपका शोधला.
केसाएवढी सरकलेली रेघ,
जरा फिकी पडलेली शाई.
घरी येतानाही डोळे तेच करायचे:
भाजीवाल्याचा तराजू, मुलाची वही,
आणि इथे, प्रत्येक होलवर,
मीच मला नापास करून बाजूला काढायचो,
गठ्ठ्याने.

पाचव्या होलवर बॅट मागे नेली, म्हणजे क्लब
(इतक्या वर्षांनी शब्दही गंजतात)
आणि तोफखान्याच्या रेंजवर सराव सुरू झाला.
धडाम्. मग बराच वेळ काही नाही.
मग पुन्हा धडाम्.
पूर्वी मी चिडून ग्लोव्ह फेकला असता.
आज केकीनं थर्मास उघडला,
ठकाजीनं खिशातून शेंगदाणे काढले,
आम्ही तिघे गवतावर बसलो
आणि तोफा संपेपर्यंत बोललो
ठकाजीच्या मुलीच्या नर्सिंगबद्दल,
केकीच्या मोतीबिंदूबद्दल.
एक मुंगूस फेअरवे ओलांडून गेलं,
आमच्याकडे न बघता,
त्याला वेळेवर पोचायचं होतं कुठेतरी.

सातव्याला बंकरमध्ये सहा फटके गेले.
"पाच लिही ने," केकी म्हणाला,
"वाळू काय साक्षीला येते?"
सहाच लिहिले.
पण लिहिताना हात थरथरला नाही,
आणि आठव्यानंतर
कार्ड कुठे राहिलं ते
अजून सापडलेलं नाही.

शेवटच्या ग्रीनवर हातभर अंतर.
पटर सरळ बघत होता,
चेंडूनं वळण घेतलं,
भोकाच्या कडेवरून आत डोकावला
आणि बाहेरच बसला.
केकी इतका हसला की टोपी पडली.
ठकाजीनं झेंडा परत लावला, म्हणाला,
"ऱ्हाऊ द्या. पुढच्या शनिवारला कायतरी पायजे ना."

घरी आलो. खांदा ठणकत होता,
जुन्या ओळखीच्या माणसानं
जरा जोरात पाठ थोपटावी तसा.
"किती झाले?" कुमुदनं विचारलं.
"नऊ होल."
"ते नाही, मार्क."
मी अंगणात गेलो.
वरच्या फांदीला अजून पुष्कळ चिंचा होत्या.
पटर होता तिथे, बुंध्याला टेकवून ठेवला,
शुक्रवारपर्यंत तिचा.