चाकोरी

कॅन्ससच्या त्या कुरणात
भर दुपारी काहीच दिसत नाही.
ल्युएला हॉस्टेटलर म्हणाली,
थांबा, ऊन कलू द्या.

मग गवतातून वर आल्या
बैलगाड्यांच्या चाकोऱ्या,
एक नाही, सात-आठ, शेजारी शेजारी.
पुढच्याची धूळ खायची नाही म्हणून
जो तो चाकोरीबाहेर गेला
आणि तिथेही चाकोरीच पडली.

तिच्या बापाने चाळीस वर्षं
या पट्ट्याशी येताच नांगर उचलला.
का, ते सांगितलं नाही कुणाला,
कर्ज देणाऱ्या बँकवाल्यालाही.

तळाशी गवत अजून आखूडच.
ती आत उतरली,
गुडघे धरत, सावकाश,
पाय पसरून बसली.
टोपी काढून बाजूला ठेवली.
इथे वारा लागत नाही, म्हणाली,
या, बसून बघा.