कुठून घेतलंस?

नववी ब. शनिवारची सकाळची शाळा.
ग्रंथालय म्हणजे जिन्याखालची खोली,
चार कपाटं, त्यातल्या एकाची किल्ली हरवलेली,
आणि दोन संगणक. एक चालतो,
दुसरा त्याच्या मनात आलं तर.

प्रकल्पाचा विषय मीच दिला :
आपल्या गल्लीमागच्या गिरणीचा भोंगा
शेवटचा कधी वाजला?
फळ्यावर कंसात सालही लिहून ठेवलं.
उत्तर आधीच माहीत असलं
की शिकवायला बरं वाटतं.

बत्तीस वह्या आल्या. बत्तीस वह्यांत एकच परिच्छेद :
‘सदर गिरणी ही पूर्व भागाची जिवनदायिनी होती.’
जीवनातला जि ऱ्हस्व. बत्तीस वेळा.
संदर्भ? विचारलं, तर म्हणाले,
पाच ठिकाणी आहे बाई, सेम टू सेम.
पाचही उघडले.
पाचही ठिकाणी तोच तोकडा जि.
पोरांनो, हे पाच साक्षीदार नव्हेत,
एकाच माणसानं पाच शर्ट बदललेत.

हसले.
मग मागच्या बाकावरचा नरहरी कुरापाटी,
जो कधी बोलत नाही, तो म्हणाला,
आमचे नान्ना मागावर धागा तुटला
की कापडाकडं बघत बसत नाहीत.
फणीतून मागं जातात, पार बीमपर्यंत.

मी खडू ठेवला. म्हटलं, जा मग. मागं जा.

तरन्नुम बागवान बिडी वळणाऱ्या गंगूबाईंकडं गेली.
सुपातली पानं कातरता कातरता त्या म्हणाल्या,
माझी थोरली झाली त्या रात्री भोंगा नव्हता,
दवाखान्याचा कागद आहे, बघ.
मल्लिनाथला बसवणप्पा जॉबर भेटले, कानडीत चिडले,
मग मराठीत म्हणाले, गड्ड्याच्या आदल्या दिवशी.
कुठल्या वर्षीच्या? ते नाही आठवत,
थंडी मात्र आठवते.
श्रीलता गुंडेटीनं पत्र्याच्या पेटीतून
आजोबांची शेवटची पगारचिठ्ठी आणली,
शिक्का निम्मा पुसलेला, तीन की आठ कळेना.
जुन्या वर्तमानपत्रात मथळा मिळाला : गिरणी बंद.
खाली बारीक टाइपात होतं, संपामुळे.
तेव्हा तासभर आम्ही एवढ्यावरच भांडलो,
बंद म्हणजे काय?
यंत्र थांबलं की बंद, कुलूप लागलं की बंद,
की पगार यायचा थांबला, तेव्हा?

फळ्यावर चार तारखा. प्रत्येकीपुढं
कुणी सांगितलं, कधी, त्याला कसं माहीत.
मी खूश. आणि श्रीलताचा हात वर.

बाई, कंसातलं साल तुम्ही कुठून घेतलंत?

साडी कुठून घेतली विचारावं, इतक्या सहज.
मी म्हणाले, ते... माहीतच आहे सगळ्यांना.
बत्तीस चेहरे माझ्याकडं बघत राहिले
मीच त्यांना शिकवलं होतं तसे.

शिपाई हुंडेकरमामांनी कपाटाचं कुलूप तोडलं.
आत धूळ, नकाशांच्या गुंडाळ्या,
आणि शाळेची रौप्यमहोत्सवी स्मरणिका.
पान सतरा. ‘आपली गिरणी.’
तेच साल. तोच परिच्छेद. तोच ऱ्हस्व जि.
खाली लेखिकेचं नाव, माझं, माहेरच्या आडनावासकट.
संदर्भ नाही.
मुद्रितंही मीच तपासली होती.

पाच शर्टांतला माणूस
जिन्याखालच्या खोलीत खडू घेऊन उभा होता
आणि पोरं इतकी हसली
की वरून मुख्याध्यापक खाली आले.

साल पुसलं. कंस तसाच ठेवलाय, रिकामा.

प्रकल्प परवा जमा झाला.
शेवटच्या पानावर संदर्भसूची, श्रीलताच्या अक्षरात :
गंगूबाई, बसवणप्पा, पगारचिठ्ठी, वर्तमानपत्र,
आणि पाचव्या क्रमांकावर मी.
मुलाखत, ग्रंथालय, शनिवार.
पुढं शेरा :
साक्षीदार प्रामाणिक वाटतात,
पण आपण हे कुठं ऐकलं
ते त्यांना आता आठवत नाही.